हाताला गुण येतो कोठून ?

मोठ्या कुटुंबांत निकाल फार लवकर लागतात. नवी सून घरांत येऊन महिना होतो न होतो, तोंच तिच्या हातचें वरण, तिचा भात आणि तिनें केलेली कॉफी यांवरून तिच्याविषयींचें मत बनून जातें. "थोरलीच्या हाताला चव आहे, हिच्या हाताला नाहीं," हें वाक्य एकदां उच्चारलें गेलें, कीं तें पुसून काढावयास वर्षें लागतात. बागेच्या बाबतींतहि तसेंच. एकाच्या हातची जुई बहरते आणि दुसऱ्यानें लावलेला गुलाब वाळतो, तेव्हां "त्याच्या हाताला यशच नाहीं" असें म्हणून आपण मोकळे होतों. हा हाताचा गुण म्हणजे आहे तरी काय, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

आमचें म्हणणें असें, कीं या गुणांतील बराचसा भाग हाताचा नसून पाण्याचा आहे. पाणी किती, किती तापलेलें, केव्हां घालावयाचें आणि घातल्यावर किती वेळ थांबावयाचें, या चार गोष्टी ज्याला कळल्या त्याच्या हाताला गुण आला. घरांतील वडील बायका हें सर्व वर्षानुवर्षांच्या सवयीनें करितात. विचारलें तर "अंदाजानें घालावें" एवढेंच उत्तर मिळतें. अंदाज खोटा नसतो. पण तो एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातांत देतां येत नाहीं. कारण मात्र देतां येतें. म्हणून पुढील साध्या गोष्टी आम्ही कारणांसह सांगत आहों.

वरण आणि भात

उघड्या पातेल्यांतील पाणी एकदां खळखळ उकळूं लागलें, कीं खालीं कितीहि मोठा जाळ केला तरी तें अधिक तापत नाहीं. समुद्रकांठीं तें १०० अंश सेल्सियसवर उकळतें. पुढची सारी आंच वाफ करण्यांत खर्च होते. लिटरभर साधें पाणी उकळीस आणण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारें सातपट उष्णता तेवढ्याच पाण्याची पुरती वाफ करण्यास लागते. म्हणून उकळी फुटतांच आंच मंद करावी व झांकण किंचित् कलतें ठेवावें. डाळ तेवढ्याच वेळांत शिजते, उतूं जात नाहीं आणि इंधन वांचतें. कुकरालाहि हाच नियम लागू आहे. आंतील दाबामुळें पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें, हें त्याच्या वेगाचें कारण. एकदां दाब आला, कीं गॅस बारीक करावा. मोठ्या आंचेवर शिट्ट्यांमागून शिट्ट्या केल्यानें वाफ मात्र वायां जाते.

ही उकळीहि सर्व ठिकाणीं सारखी नसते. दर ३०० मीटर उंचीस ती सुमारें एका अंशानें उतरते. पुण्यास पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळतें, तर सुमारें १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरास तें ९५-९६ अंशांतच उकळूं लागतें. मुंबईची सुगरण तेथें उघड्या पातेल्यांत डाळ शिजवूं लागली, तर तिला वेळ अधिक लागणारच. तिचा हात तोच असतो. उकळी निराळी असते.

डाळ दांडगेपणा करिते त्याचीं मुख्य कारणें तीन. डाळ जुनी असते, पाणी जड असतें किंवा आंबट आधीं घातलेलें असतें. डाळीच्या पेशींना एकमेकींशीं जखडून ठेवणारा पेक्टिन नांवाचा पदार्थ असतो. तो विरघळला म्हणजे डाळ मऊ होते. जड पाण्यांतील चुन्याचे क्षार त्याला अधिक घट्ट करितात आणि आंबट त्याला विरघळूं देत नाहीं. चिंच, आमसूल वा टोमॅटो डाळ पुरी शिजल्यावरच घालावा, हा घरोघरचा जुना क्रम याच कारणास्तव बरोबर आहे.

जड पाण्याची गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मृदु पाण्यावर स्वयंपाक शिकलेली मुलगी कूपनलिकेचें जड पाणी असलेल्या घरीं नांदावयास गेली, कीं तिचें वरण पहिल्याच आठवड्यांत बिघडतें आणि दोष तिच्या माहेरच्या शिकवणीस लागतो. असें झाल्यास पाण्याची परीक्षा आधीं करावी. साबणाला फेंस येत नसेल आणि पाणी तापविण्याच्या भांड्यास आंतून पांढरें कीट चढत असेल, तर पाणी जड आहे. तें पांच-दहा मिनिटें उकळून निवूं द्यावें आणि वरचें निवळ पाणी डाळीस घ्यावें. पुष्कळ वेळां चुन्याचा मोठा भाग तळाशीं बसतो. डाळ तासभर भिजत ठेवावी. खाण्याचा सोडा टाकल्यानें डाळ शिजते खरी, परंतु तिच्यांतील ब-१ जीवनसत्त्वाचा मोठा नाश होतो. म्हणून ती रोजची संवय करूं नये.

भाताचें म्हणाल, तर तांदूळ हलक्या हातानें दोनदां धुऊन अर्धा तास रोवळींत ठेवावे. त्यांस लागलेली ओल आंत मुरते व दाणा मधून कच्चा राहत नाहीं. नव्या तांदळास वाटीस पावणेदोन वाट्या पाणी बहुधा पुरतें. जुना तांदूळ दोन ते सव्वादोन वाट्या पितो. पाणी आटून भात शिजला, कीं आंच बंद करून दहा मिनिटें झांकण काढूं नये व भात ढवळूं नये. तेवढ्या वेळांत वरचा आणि तळचा ओलावा सारखा होतो आणि शीत मोडत नाहीं. घाईनें पळी घातली, कीं त्याच भाताचा लगदा होतो.

उरलेल्या भाताविषयीं मात्र सावध असावें. तांदळावरील कांहीं जंतूंचीं बीजें शिजविल्यानेंहि मरत नाहींत. भात उबेंत तासन् तास राहिला, कीं तीं रुजून विष निर्माण करितात, आणि सकाळच्या फोडणीनें तें विष जात नाहीं. म्हणून रात्रीचा भात पसरट भांड्यांत निववून तास-दोन तासांच्या आंत शीतकपाटांत ठेवावा. उन्हाळ्यांत तर अवश्य. घरांत लहान मुलें व वृद्ध माणसें असतां ही काळजी आळसावर सोडूं नये.

कॉफी

यमनच्या मोखा बंदरांतून सात बिया आणून बाबा बुदन यांनीं सतराव्या शतकांत चिकमगळूरच्या डोंगरांत लाविल्या, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. आपल्याकडे या पेयास जायफळाची जोड मिळाली. पण तें करण्याची रीत बहुतेक घरीं चहाचीच राहिली. पूड पाण्यांत टाकून उकळावी, दूध घालून पुन्हां उकळावी आणि गाळावी. कॉफी कडू होते ती येथें.

१९०८ सालीं जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं मेलिटा बेंट्झ या गृहिणीस कॉफींतील गाळाचा व कडवटपणाचा असाच कंटाळा आला. तिनें पितळेच्या भांड्याच्या बुडास खिळ्यानें भोंकें पाडलीं, मुलाच्या वहींतला टिपकागद आंत बसविला, त्यावर पूड घातली आणि वरून कढत पाणी ओतलें. त्याच वर्षींच्या जूनमध्यें बर्लिनच्या पेटंट कचेरींत या युक्तीची नोंद झाली आणि वर्षअखेर तिच्या नांवाचा धंदा उभा राहिला. तिच्यापाशीं खिळा आणि टिपकागद याहून अधिक साधन नव्हतें. पाण्यानें पुडीचा सुगंध घेऊन निघून जावें, पुडींत मुक्काम करूं नये, एवढेंच तिनें साधलें.

दक्षिणेकडील दोन कप्प्यांचा फिल्टर हेंच काम संथपणें करितो. तो नसेल तर गाळणींत स्वच्छ मलमलीचें फडकें बसवावें. तीन सपाट मोठे चमचे, म्हणजे सुमारें १५ ग्रॅम, पूड घ्यावी. ती हलकेंच सारखी करावी, ठोकून बसवूं नये. पाणी उकळून खालीं उतरवावें व खळखळ शांत होऊं द्यावी. प्रथम दोन-तीन चमचे पाणी पुडीवर सर्वत्र शिंपडून अर्धा मिनिट थांबावें. ताज्या पुडींतील वायु बुडबुड्यांनीं बाहेर पडतो व पूड फुगते. मग उरलेलें पाणी, एकंदर एक कपभर, गोलाकार धारेनें ओतावें. फिल्टरांतून अर्क उतरण्यास पंधरा-वीस मिनिटें लागतात. फडक्यांतून तो लवकर उतरतो व किंचित् सौम्य होतो. एवढ्या अर्कांत दोन-तीन कप कॉफी होते.

सारें पाणी एकदम ओतलें, तर तें कडेनें वाट काढून खालीं जातें. मधली पूड कोरडी राहते आणि कडेची पूड अति निथळून कडू होते. मग एकाच पेल्यांत पाणचटपणा आणि कडवटपणा असे दोन्ही दोष एकत्र येतात. दूध वेगळें तापवून अर्कांत मिसळावें. अर्क पुन्हां उकळूं नये, त्यानें सुगंध उडून जातो. जायफळाचे सहाणेवर दोनच वळसे द्यावे आणि तें अगदीं शेवटीं घालावें. पूड पंधरा दिवसांपुरतीच आणून घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी.

कुंड्या आणि तुळस

कोरड्या पुडीचा हाच स्वभाव कोरड्या मातीचाहि आहे. माती फार वाळली, कीं ती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. तांब्याभर पाणी ओततांच तें त्या फटींतून भोंकावाटें बाहेर येतें. आपणांस वाटतें झाड तृप्त झालें, आणि मुळें मात्र तहानलेलींच असतात. येथेंहि तोच उपाय. आधीं ओंजळभर पाणी सर्वत्र शिंपडावें, पांच मिनिटें थांबावें, आणि मग भोंकांतून ओघळेपर्यंत सावकाश घालावें. माती अगदींच दगड झाली असेल, तर लहान कुंडी बादलींत मातीच्या कांठापर्यंत बुडवून ठेवावी व बुडबुडे थांबले म्हणजे काढावी.

तरीहि तहानेपेक्षां अति पाण्यानें मरणारीं कुंडींतलीं झाडें पुष्कळ असतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते; माती सदैव चिखल राहिली, कीं तीं गुदमरून कुजतात. आणि कुजलेलें मूळ पाणी ओढूं शकत नाहीं, म्हणून झाड तहानेल्यासारखेंच मलूल दिसतें. तें पाहून कोणी आणखी पाणी घालतो आणि त्याचा शेवट करितो. यास्तव पान पाहून पाणी घालूं नये, बोट घालून पाहावें. दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली तरच पाणी द्यावें. तळाशीं खड्यांचा थर दिल्यानें निचरा वाढतो ही समजूतहि बरोबर नाहीं; बारीक मातींतलें पाणी जाड खड्यांत सहज उतरत नाहीं, तें त्यांच्या वरच अडून राहतें. भोंकावर एक खापरी पुरे.

मोठ्या घरांतील तुळशीची अवस्था तर सर्वांना ठाऊक आहे. आजोबा स्नानानंतर तांब्या ओततात, सासूबाई पूजेचें पाणी घालतात, आणि शाळेंतून आलेला नातू आपलाहि वांटा उचलतो. भर श्रावणांतहि हा क्रम चुकत नाहीं. भक्ति सर्वांची असते, मुळें मात्र तुळशीचीं कुजतात. पूजेचें पाणी पळीभर असावें आणि झाडाच्या तहानेचें पाणी घरांतील एकानेंच, बोटानें पाहून, घालावें, असा नियम करावा.

चार दिवस गांवीं जावयाचें असेल, तर पाण्याचें भांडें कुंडीहून थोडें उंच ठेवून भिजविलेल्या जाड सुती दोरीचें एक टोंक त्यांत व दुसरें मातींत खोंचावें. समईंत तेल वातीनें चढतें, तसें पाणी दोरीनें येतें. मोठ्या वाफ्यांत बिनझिलईचें मडकें गळ्यापर्यंत पुरून पाण्यानें भरून झांकावें. जसजशी माती सुकते तसतसें पाणी त्याच्या अंगांतून पाझरतें. चीनमधील फान शंगचि यानें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत लिहिलेल्या शेतीच्या ग्रंथांत ही युक्ति आढळते. शंकराच्या पिंडीवरील अभिषेकपात्र आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलों. १९६५ सालीं इस्राएलांतील हात्झेरिम येथें थेंबाथेंबानें पाणी देण्याच्या साधनांचा कारखाना निघाला, आणि आज जळगांवकडील केळीच्या बागाहि ठिबकावर पोसल्या जातात.

स्वयंपाकघरांतील पाणीहि झाडांस देतां येतें. तांदळाचें धुवण त्याच दिवशीं घालावें. मीठ घातलेलें पाणी कधींहि देऊं नये. कॉफीचा चोथा मातीवर थापूं नये, त्याची खपली धरून पाणी आंत शिरत नाहीं. तो पालापाचोळ्याच्या खतांत थोडाथोडा मिसळावा.

आमची सूचना इतकीच, कीं घरांत एक वही करावी आणि वडील बायकांचे अंदाज त्या हयात आहेत तोंच वाट्या-चमच्यांनीं मोजून तींत उतरून घ्यावे. त्यांस विचारून कारणहि शेजारीं लिहावें. ही वही मुलींइतकीच मुलांच्याहि हातीं द्यावी. शिक्षणासाठीं परगांवीं एकट्या राहणाऱ्या मुलास वरणभात आणि एक कप कॉफी नीट करतां येणें हें आतां भूषण नव्हे, गरज आहे. आणि पुढच्या वेळीं नव्या सुनेचें वरण बिघडलें, तर बोलण्यापूर्वीं घरचें पाणी साबणाचा फेंस काढून पाहावें.