गुलाबी डोळ्यांच्या पोटी काळे डोळे

१९०२च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये आर्थर डार्बिशायर हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ उंदरांच्या जोड्या लावत होता. जोडीतला एक उंदीर शुभ्र, गुलाबी डोळ्यांचा. दुसरा जपानकडचा, स्वतःभोवती गिरक्या घेणारा. अंगावर फिकट बदामी ठिपके आणि डोळे तेही गुलाबीच. पिल्लं मात्र झाली ती काळ्याभोर डोळ्यांची, बरीचशी तर रानउंदरासारखी करडी! आईबापांपैकी कोणाच्याच डोळ्यांत नसलेला रंग पिल्लांत आला कुठून?

शुभ्र उंदराचं कोडं त्याच वर्षी फ्रान्समधल्या नॅन्सीत ल्युसियाँ केनो हा जीवशास्त्रज्ञ सोडवत होता. करडा आणि पांढरा यांची पिल्लं सगळी करडी निघाली. ती आपसांत जुळवल्यावर १९८ करडी आणि ७२ पांढरी पिल्लं मिळाली, म्हणजे जवळपास तीनास एक. मेंडेलने वाटाण्यात पाहिलेला नियम प्राण्यांनाही लागू होता. पांढरेपणा अप्रभावी: बिघडलेलं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच तो दिसतो.

बिघाड किती लहान असावा? केस, त्वचा आणि डोळ्यांना रंग देणारं मेलॅनिन टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनतं आणि त्यातली पहिली पायरी टायरोसिनेज हे विकर पार पाडतं. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांत या विकराच्या साखळीतल्या १०३व्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन येतं. जनुकातलं एक अक्षर बदललं, एवढंच. विकर निकामी होतं, रंग तयारच होत नाही आणि डोळ्यांतून रक्ताची लाली दिसते. अंगावरच्या रंगाची बाकीची जनुकं शाबूत असतात, पण मेलॅनिनच नसल्याने ती दिसणार कशी? म्हणून पांढरा उंदीर मुळात काळ्या घराण्यातला की करड्या, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. डोळ्यांची खूण मात्र इतर प्राण्यांतही कामी येते: पांढऱ्या खारीचा फोटो पाहताना आधी डोळे पाहावेत. ते काळे असतील तर हा बिघाड नव्हे.

हिमालयन जातीच्या सशात विकर पूर्ण मेलेलं नसतं, फक्त उष्णता सोसत नाही. त्यामुळे अंग पांढरं आणि नाक, कान, पाय, शेपूट काळी. पाठीवरचे केस काढून तिथे बर्फ बांधून ठेवला, तर नवे केस काळे उगवतात.

डार्बिशायरच्या गिरक्या घेणाऱ्या उंदरात दोष दुसऱ्याच जनुकात होता. विकर ठीक, पण ते ज्या सूक्ष्म कोषात काम करतं तिथली आम्लता बिघडलेली. दोन उणिवा वेगळ्या असल्याने पिल्लाला प्रत्येक जनुकाची एक चांगली प्रत मिळाली आणि रंग परतला.

पुढे, तेव्हा विद्यार्थी असलेल्या जे. बी. एस. हाल्डेनला डार्बिशायरच्या छापील आकड्यांत आणखी काही दिसलं: ही दोन जनुकं बहुतेकदा बरोबरीने पुढच्या पिढीत जातात. बहीण नेओमी आणि मित्र स्प्रंट यांच्यासह त्याने उंदीर पाळून ते पडताळलं. पहिल्या महायुद्धात स्प्रंट मारला गेला आणि काम अर्धवट असतानाच १९१५मध्ये निबंध छापावा लागला. सस्तन प्राण्यांतल्या जनुकांच्या सहलग्नतेचा तो पहिला पुरावा. हेच हाल्डेन १९५७मध्ये कोलकात्यात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले.

उंदरात ही दोन्ही जनुकं सातव्या गुणसूत्रावर आहेत. माणसात ती अकराव्या आणि पंधराव्यावर आहेत, आणि माणसातल्या वर्णहीनतेचे दोन मोठे प्रकार त्यांच्यातल्याच दोषांमुळे होतात. १९५२मध्ये ट्रेव्हर-रोपर या नेत्रतज्ज्ञाने वर्णहीन दांपत्याची सर्वसाधारण रंगाची मुलं नोंदवली, तीही याच न्यायाने.

रंगाहून मोठी हानी मात्र नजरेची होते. गर्भात मेलॅनिन नसल्याने डोळ्यांतले काही मज्जातंतू मेंदूच्या चुकीच्या बाजूला जातात; पांढऱ्या उंदरात, सशात आणि माणसातही. दृष्टिपटलाचा मधला, बारकावे टिपणारा भागही माणसात नीट घडत नाही. म्हणूनच अशा मुलाला चष्मा देऊनही फळ्यावरचं बहुधा नीट दिसत नाही. त्याला पुढचा बाक, मोठा टाइप आणि खिडकीच्या झगमगाटापासून आडोसा हवा, तोही शाळेत पाऊल ठेवल्या दिवसापासून.