काफूएचं पाणी आणि कंपनीचा कागद

किटवे, झांबिया

18 फेब्रुवारी 2025 रोजी किटवेजवळच्या चांबिशीत एका चिनी तांबे कंपनीचा बंधारा फुटला. खनिजातून तांबं काढल्यावर उरणारा आम्लयुक्त गाळ त्यात साठवलेला होता. सुरुवातीच्या अंदाजानुसार सुमारे 5 कोटी लिटर गाळपाणी म्वांबाशी ओढ्यातून काफूए नदीत उतरलं. मासे मरून तरंगू लागले, काठचा मका जळाला आणि सुमारे सात लाख वस्तीच्या किटवेचे नळ बंद झाले. आम्ल मारायला हवाई दलाने विमानांतून नदीत चुना टाकला. कंपनीने माफी मागितली.

काफूएच्या काठच्या लोकांना हे सगळं ओळखीचं होतं.

झांबिया तांब्यावर जगतो. निर्यातीच्या दर दहा डॉलरमधले सुमारे सात तांब्याचे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांनी 1969 मध्ये खाणींतला मोठा हिस्सा सरकारकडे घेण्याची घोषणा केली, आणि पुढे खाणगावातली शाळा, दवाखाना, पाणी हे सारं खाणच पुरवू लागली. मग तांब्याचे भाव कोसळले, कर्ज चढलं आणि 2000 पर्यंत बहुतेक खाणी विकल्या गेल्या. चिंगोला गावची कोंकोला कॉपर माइन्स ही मोठी खाण कंपनी आधी अँग्लो अमेरिकनने घेतली आणि दोन वर्षांत सोडली. 2004 मध्ये ती उद्योगपती अनिल अग्रवाल यांच्या वेदांताकडे आली. 51 टक्के हिश्शासाठी सुरुवातीची रक्कम होती अडीच कोटी डॉलर. झांबिया सरकारही त्यात भागीदार राहिलं, म्हणजे ज्याने दंड करायचा त्याचाच नफ्यात वाटा.

नोव्हेंबर 2006 मध्ये या खाणीचं आम्लपाणी काफूएत मिसळलं. सुमारे दोन हजार रहिवासी कोर्टात गेले. 2011 मध्ये न्यायमूर्ती फिलिप मुसोंडा यांनी कंपनीला कडक शब्दांत दोषी धरून त्यावेळच्या चलनात 10 अब्ज क्वाचा, म्हणजे जवळपास 20 लाख डॉलर, भरपाई ठरवली. अपिलात 2015 मध्ये झांबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, भरपाई मात्र वैद्यकीय कागद असलेल्या 12 जणांपुरतीच मंजूर केली. ज्या वाड्यांत डॉक्टर गाठायलाच मैलोन् मैल चालावं लागतं, तिथल्या बाकीच्यांनी कागद आणायचा कुठून?

शिमुलाला, हिप्पो पूल, हेलेन, काकोसा या चिंगोलाजवळच्या वस्त्यांतल्या शेतकरी-कोळ्यांनी मग थेट लंडन गाठलं, कारण मूळ कंपनी, वेदांता रिसोर्सेस, तिथे नोंदलेली होती. कंपनीचं म्हणणं असं, की खाण चालवते ती झांबियातली उपकंपनी आणि खटलाही झांबियातच चालावा. 10 एप्रिल 2019 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केलं. निकाल लिहिणाऱ्या लॉर्ड ब्रिग्ज यांनी कंपनीच्याच प्रसिद्ध केलेल्या कागदांवर बोट ठेवलं. उपकंपन्यांच्या पर्यावरण-शिस्तीवर आपली देखरेख आहे, आपण प्रशिक्षण देतो, नियम पाळायला लावतो, असं वेदांताने गुंतवणूकदारांसाठी छापलं होतं. म्हणजे जबाबदारी तिने स्वतःहून अंगावर घेतली होती, असं म्हणायला जागा होती. गरीब फिर्यादींना एवढा मोठा खटला झांबियात लढवता येणार नाही, तिथे ना पैशाची सोय ना तेवढ्या तयारीचे वकील, हेही न्यायालयाने मान्य केलं. जानेवारी 2021 मध्ये 2,577 गावकऱ्यांशी तडजोड झाली. रक्कम जाहीर झाली नाही, दोषही कबूल केला गेला नाही.

खाण कंपन्या हल्ली गावाशी बोलायला माणसं नेमतात, तक्रारपेट्या ठेवतात, शाळेला रंग देतात, बोअर मारतात. उद्योग आणि मानवाधिकारांबद्दलची संयुक्त राष्ट्रांची 2011 ची मार्गदर्शक तत्त्वं बहुतेकींच्या धोरणपत्रात असतात. त्यातलं काही खरोखर उपयोगी पडतं. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावर तिचा निकाल लागत असेल, तर गावकऱ्याला मिळतं ते दान. आणि दान कधीही थांबवता येतं. चिंगोलाच्या लोकांना जे मिळालं ते पेटीतून मिळालं नाही. त्यासाठी त्यांना दुसऱ्या खंडातल्या कोर्टाचं दार वाजवावं लागलं.

खुद्द झांबियाने 2019 मध्ये ही खाण वेदांताच्या ताब्यातून काढली आणि पैशाअभावी उत्पादन रखडल्यावर ती परत त्याच हातात दिली. चिंगोलाच्या गावकऱ्यांचा शेजारी बदललेला नाही.

गोव्यात डिचोलीचा खनिजपट्टा 2022 च्या अखेरीस लिलावात याच समूहाने घेतला. तिथल्या शेतकऱ्यांना इथून एवढंच सांगावंसं वाटतं: कंपनीचे वार्षिक अहवाल मिळवा, त्यातलं गावाबद्दलचं, पाण्याबद्दलचं पान न पान वाचा आणि नीट जपून ठेवा.