पिल्लू देण्याआधी

हिशेबाच्या लांब वहीत पट्टीने आठ रकाने आखलेले आहेत. जनावर. कुठे सापडलं. लसी. फोटो कधी टाकला. कोणाचे फोन आले. घर पाहिलं का. कोणाकडे दिलं. आणि शेवटचा, सगळ्यात अरुंद रकाना: परत. तो रिकामा असला तर ओळ पूर्ण झाली असं समजायचं. पण ताई वर्षभर तरी तसं समजत नाहीत.

ताई दिवा पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, भाड्याच्या वन-आरकेमध्ये राहतात. दिवसा डोंबिवलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करतात. उरलेल्या वेळात रस्त्यावर सापडलेल्या कुत्र्या-मांजरांना घरं शोधून देतात. नाव छापायचं नाही, ही त्यांची पहिली अट. पत्ता फुटला की पहाटे दाराबाहेर खोकं येतं, खोक्यात चार पिल्लं, कधी डोळेही न उघडलेली. ठेवून जाणारा माणूस स्वतःला भूतदयावादीच समजत असतो. या कामातल्या जवळजवळ प्रत्येकाने हे खोकं पाहिलेलं आहे.

संपादकांना खरं तर मोठ्या संस्थेचा परिचय हवा होता, आणि मुंबईत तशा संस्था आहेत. ‘वर्ल्ड फॉर ऑल’ ही संस्था दत्तक देण्याचे मेळावे भरवते. तिची २०१५ची पोस्टर्स अनेकांना आठवत असतील: काळ्या पार्श्वभूमीवर दोन माणसं समोरासमोर, आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेतून कुत्र्याचा किंवा मांजराचा आकार उमटलेला. घरात आणखी एकासाठी जागा असतेच, हा त्यांचा सांगावा. पोस्टर सुंदरच होतं. पण ते पाहताना माझ्या मनात दिव्यातली घरं येत होती. स्वयंपाकाचा ओटा, पलंग, शिवणयंत्र आणि मुलांचा अभ्यास एकाच खोलीत चालणारी. तिथे ही जागा कशी निघते, हे पाहायला मी दिव्याला गेले.

हा प्रश्न मुंबईला जुनाच आहे. १८३२च्या जूनमध्ये सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम उघडली तेव्हा फोर्टातल्या पारशांनी दुकानं बंद ठेवली, दंगल झाली. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहांच्या पुढाकाराने भुलेश्वरच्या बाजूला पांजरपोळ उभा राहिला. १८७४मध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध काम करणारी सोसायटी निघाली. १८८३मध्ये परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई रुग्णालय आलं. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पाठपुराव्यातून प्राण्यांवरची क्रूरता रोखणारा १९६०चा कायदा झाला. या सगळ्या मालिकेत आसरा आहे, औषध आहे, शिक्षेची तरतूद आहे. घर शोधणं मात्र कोणाच्याच जबाबदारीत बसलं नाही. ते उरलं ताईंसारख्यांकडे.

दिव्यात जनावरं येतात तरी कुठून? स्टेशन जंक्शन आहे, पनवेल आणि वसईच्या गाड्या इथून सुटतात, कोकणातली माणसं सामानासकट फलाटावर थांबलेली असतात. त्यांच्या डब्यांतलं उरलंसुरलं खाऊन कुत्री जगतात. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षं दिव्याच्या डम्पिंगवर पडत होता. आता ते बंद झालं आहे, पण त्यावर पोसलेल्या कुत्र्यांच्या पिढ्या इथेच आहेत, त्या वस्त्यांकडे सरकल्या, असं ताई सांगतात. शिवाय हद्दीचा घोळ. दिवा ठाणे महापालिकेत, पुढचं कोपर-डोंबिवली कल्याण-डोंबिवली महापालिकेत. रुळांकडेला जखमी कुत्रं दिसलं की आधी तक्रार कोणाकडे करायची यावरच फोन फिरत राहतात, तोवर जखमेत अळ्या पडलेल्या असतात.

ताईंच्या मोरीत एक पिल्लू होतं तेव्हा मी गेले. साधारण दीड महिन्याचं, काळं, पायांना पांढरे मोजे. ताईंनी सुई काढलेल्या सिरिंजमध्ये जंताचं औषध ओढलं, पिल्लाचा जबडा बाजूने किंचित उघडून जिभेवर न सोडता गालात सोडलं, आणि मान वर धरून ठेवली. मग कानाच्या मागची कातडी दोन बोटांत ताणून गोचिडी चिमट्याने उपटायला सुरुवात केली. गोचीड मुळापासून निघाली पाहिजे, तोंड आत राहिलं तर तिथे गळू होतं. एकेक रॉकेलच्या वाटीत. तोंडाने त्या मला पार्व्होबद्दल सांगत होत्या. लस न टोचलेल्या पिल्लाला रक्ताची हगवण लागते आणि दोन-तीन दिवसांत ते जातं. विषाणू मातीत, फरशीच्या सांध्यांत महिनोन्‌महिने टिकून राहतो. म्हणून नवं पिल्लू आलं की पंधरा दिवस वेगळं, फरशी ब्लीचच्या पाण्याने. आणि वेगळं ठेवायला त्यांच्याकडे आहे फक्त मोरी. एका वेळी एकच वेत घ्यायचं, हा नियम तिथून आला. दुसऱ्या पिल्लांसाठी फोन आला तर त्या ‘नाही’ म्हणतात, आणि त्या रात्री त्यांना झोप लागत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

काळं पिल्लू लवकर जात नाही. मादी तर त्याहून नाही. ‘काळा नको, मादी नको’ हे वाक्य प्रत्येक दत्तकवाल्याने ऐकलेलं असतं. काळ्यामागे अपशकुनाची समजूत, मादीमागे पिल्लांची भीती, जी नसबंदीने कायमची मिटते. मोरीतलं पिल्लू काळंही होतं आणि मादीही. फोटोसाठी ताईंनी पिवळी चादर काढली. काळा रंग मोबाईलच्या कॅमेऱ्यात नुसता डाग दिसतो, डोळे हरवतात, म्हणून सकाळच्या तिरप्या उन्हात, गच्चीवर, पिल्लाच्या नजरेइतकं खाली लोळून फोटो घ्यायचा. ट्यूबलाइटखाली कधीच नाही. फोटोखालच्या मजकुरात ‘बिचारी’ लिहायचं नाही, असाही त्यांचा कटाक्ष. दया वाटून आलेल्या माणसाची दया चप्पल कुरतडली की संपते.

पण या सगळ्या कामाचा कणा आहे तो फोन. पिल्लू कोणाकडे जाणार हे तिथे ठरतं. मी बसले असताना कल्याणहून एका गृहस्थांचा आला.

“नमस्कार दादा. घरी कोण कोण असतं?”

“मी, मिसेस, मुलगा. आई येऊन-जाऊन असते.”

“पिल्लू कोणाला हवंय?”

“मुलाला. रविवारी बर्थडे आहे त्याचा.”

“केवढा आहे?”

“नववं लागेल.”

“छान. मग शी-शू कोण काढणार?”

थोडी शांतता. “मिसेस असते ना घरी.”

“वहिनींना जरा फोन देता?”

वहिनी आल्या. ताईंनी पिल्लाचं नाव काढलं नाही. तुमचा दिवस कसा असतो, पाणी किती वाजता येतं, गावी किती दिवस जाता, तेव्हा घराची किल्ली कोणाकडे, असं विचारत राहिल्या. वहिनींनी आधी मोकळेपणाने उत्तरं दिली, मग म्हणाल्या, “अहो, मला कोणी विचारलंच नाही हो. सासूबाईंचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात.” ताई म्हणाल्या, “मग आत्ता नको वहिनी. मुलाला घेऊन रविवारी इकडे या, खेळू दे त्याला. ऑपरेशन झाल्यावर बघू.” वहीत पाचव्या रकान्यात नोंद झाली: कल्याण, सासूबाई, नंतर.

फरशी पुसणारा माणूस फोनवर आल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, ही ताईंची पद्धत मला फार शहाणपणाची वाटली. दत्तक देणाऱ्या संस्था लांबलचक अर्ज भरून घेतात. ओळखपत्र, आधीचे प्राणी, पगार. ते सगळं लागतंच. पण अर्ज भरतो तो बहुधा उत्साही माणूस, आणि कुत्रं सांभाळतो तो दुसराच. ताई त्या दुसऱ्याला शोधतात.

होकार मिळाला तर घर पाहायला जातात. बाल्कनीला जाळी आहे का हे मांजरासाठी आधी बघतात. मांजर कधी पडत नाही ही समजूत उंच इमारतींनी खोटी पाडली आहे. कुत्र्यासाठी बघतात ते दार, जिना आणि शेजारी. शेजारणीशी दोन मिनिटं बोलल्याशिवाय त्या परतत नाहीत. राखणीला, गोडाऊनला, फार्महाऊसला हवं असेल तर साफ नकार. तिथे कुत्रं साखळीला जातं आणि पाहुण्यासारखं आठवड्यातून एकदा विचारलं जातं. जातिवंत कुत्र्यांच्या बाबतीत त्या आणखी कडक. गल्लीत सोडलेलं लॅब्रॅडॉर किंवा हस्की मिळालं की फोनांचा पाऊस पडतो, आणि त्यात पैदास करून विकणारेही असतात. मादी पिल्लं देऊन देऊन थकली की हेच लोक तिला स्टेशनबाहेर सोडतात. २०१७ साली पैदाशीसाठी नियम झाले, २०१८ साली दुकानांसाठी. अंमलबजावणी मात्र शोधावी लागते. म्हणून जातिवंत जनावर नसबंदी झाल्याशिवाय त्यांच्याकडून बाहेर पडत नाही. पिंजऱ्यातला पोपट कोणी आणून दिला तर तो दत्तक नाहीच. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो घरात ठेवता येत नाही, त्याची रवानगी वनखात्याकडे.

एका बाबतीत मी त्यांना खोदून विचारलं. भाडेकरूंकडून घरमालकाचं लेखी संमतिपत्र मागायला हवं, असं बहुतेक संस्था म्हणतात. दिव्यासारख्या ठिकाणी ही अट लावली तर गरीब माणूस आपोआप बाद होतो, कारण इथे करारच कित्येकदा तोंडी असतात. ताई स्वतः भाडेकरू. त्या म्हणाल्या, कागद मी मागत नाही, मालकाशी फोनवर बोलते. अकरा महिन्यांनी घर बदलावं लागलं तर कुत्र्यासकट कुठे जाणार, हे आधी विचारते. ज्याने याचं उत्तर आधीच योजून ठेवलंय त्याला देते. त्यांची सर्वांत चांगली घरं चाळींतली आहेत, असं त्या सांगतात. तिथे कुत्रं एकटं राहतच नाही.

आता त्या शेवटच्या रकान्याविषयी. वही चाळताना तिथे भरलेल्या जागांवरून मला नजर काढता येईना. लग्न ठरलं. बाळ होणार. नोकरी पुण्याला. मालकाने घर विकलं. सोसायटीने नोटीस लावली. सोसायटीला पाळीव प्राण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलंय. पण लिफ्टमध्ये रोज टोमणे ऐकणाऱ्या सुनेला त्या कागदाचा किती आधार? यातली बहुतेक माणसं वाईट नाहीत. त्यांचीच घरं स्थिर नाहीत. अडीच वर्षांचं, घरात वाढलेलं कुत्रं परत येतं तेव्हा त्याला रस्त्यावर सोडता येत नाही. तिथल्या टोळ्या त्याला फाडतील. आणि मोठं कुत्रं कोणालाच नको असतं. असं एक तपकिरी कुत्रं ताईंच्या पलंगाखाली कायमचं राहिलं आहे. तेच आता येणाऱ्या पिल्लांना शिस्त लावतं.

या सगळ्यावर २०२५मध्ये मोठं ओझं आलं. २०२३च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून, कानाला खाच पाडून, जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. ११ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात न्यायला सांगितलं. २२ ऑगस्टला तो आदेश बदलला, आणि त्यातच प्राणिप्रेमींना पालिकेकडे अर्ज करून कुत्री दत्तक घेण्याची मुभा दिली, ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची जबाबदारी त्यांच्यावर टाकून. मग ७ नोव्हेंबरचा आदेश: शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस डेपो आणि रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री उचलायची, निवाऱ्यात ठेवायची, परत तिथे सोडायची नाहीत.

लोकांची भीती खरी आहे. शेवटच्या लोकलने उतरून अंधाऱ्या रस्त्याने घरी जाणाऱ्या बाईच्या मागे चार कुत्री लागली, तर तिला प्राणिप्रेमाचे धडे देणं निर्दयपणाचं आहे. रेबीज झाला की माणूस वाचत नाही. पण रोग आटोक्यात येतो तो सातत्याच्या लसीकरणाने, हे शेजारच्या गोव्याने दाखवलं. २०२१ साली ते रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर होणारं देशातलं पहिलं राज्य ठरलं. कुत्री उचलून नेली तरी खाणं तिथेच पडलेलं असेल, तर मोकळ्या जागेत नवी, लस न टोचलेली येतात. मला ही काळजी वाटते की आदेशांच्या कागदावर ‘दत्तक’ हा शब्द फार सहज येतो. जणू घरं कुठेतरी तयार आहेत, कुत्री नेऊन ठेवायचीच बाकी आहेत.

आदेशानंतर ताईंचा फोन थांबेनासा झाला. फलाटावरच्या कुत्र्यांना रोज बिस्किटं घालणारे फेरीवाले, कॉलेजची मुलं, एक निवृत्त मोटरमन काका, सगळ्यांचं एकच: ताई, हिला कुठेतरी घर बघा ना. सहा-सात वर्षांच्या, कान खाचलेल्या, गर्दीत वाढलेल्या कुत्र्या. बंद दाराआड त्या रडतात, दार ओरबाडतात. त्यांना घराची सवय लावायला महिने लागतात, आणि तो वेळ देईल असा माणूस शोधायला त्याहून जास्त. ताईंनी त्यातल्या एकीसाठी प्रयत्न केला. मुंब्र्याच्या एका शिंपीकाकांनी तिला दुकानात ठेवून घेतलं, दिवसभर माणसांची वर्दळ असल्याने ती रमली. बाकीच्यांसाठी वहीत ओळी आहेत, पुढचे रकाने कोरे.

महापालिकेकडे काय मागाल, असं मी विचारलं. मला वाटलं निवारा, निधी, रुग्णवाहिका असं काही येईल. ताईंनी वही मिटली आणि मोजून सांगितलं: एक खोली. नळ हवा, सांडपाण्याला उतार हवा, फरशी सलग हवी म्हणजे ब्लीच नीट लागतं. पिल्लांना पंधरा दिवस वेगळं ठेवता येईल. एका डॉक्टरने आठवड्यातून दोनदा यावं. आणि पालिकेचा एक माणूस, ज्याचं काम दिलेल्या घरांना वर्षभर फोन करत राहणं एवढंच असेल. “पिल्लू देणं सोपं आहे हो,” त्या म्हणाल्या. “सहाव्या महिन्यात फोन करणारं कोणी नसतं. नसबंदी तेव्हाच करायची असते, आणि लोक कंटाळतातही तेव्हाच.” त्यांनी तसा अर्ज दिला आहे. पोच मिळाली आहे, ती वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेली आहे.