लहान स्पीकर, मोठा घुमारा

गाणे ऐकण्याचे साधन आता आपल्या घरांत हातात मावण्याएवढे झाले आहे. मोबाईल असतो, नाहीतर मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर. त्यावर वामनदादा कर्डकांचे गीत लावले तर शब्द स्वच्छ येतात, पण ढोलकीचा घुमारा हवा तसा येत नाही. मग घरातली पोरे मोठ्या वूफरचा हट्ट धरतात आणि हप्ते कसे भरायचे, हा प्रश्न आईबापापुढे उभा राहतो. खिशात हात घालण्याआधी हा घुमारा येतो कुठून, एवढे समजून घ्यावे, असे आम्हांला वाटते.

आवाज म्हणजे हवेची कंपने. सेकंदाला कंपने कमी तर आवाज खर्जातला, जास्त तर बारीक. खर्जासाठी हवा पुष्कळ हलवावी लागते. स्वर निम्म्या कंपनांवर उतरवून आवाजाचा जोर तेवढाच ठेवायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढेमागे व्हावे लागते. दोन इंची पडद्याला हे जमत नाही. बासची कळ पूर्ण फिरवली म्हणून खर्ज येत नाही. आवाज फाटतो आणि एखाद्या दिवशी आतली कॉइल जळते.

तरीही लहान स्पीकरवर थोडा घुमारा जाणवतोच. हे काम आपले कान आणि मेंदू करतात. ६० कंपनांचा स्वर सहसा एकटा निघत नाही. त्याच्यासोबत १२०, १८०, २४० असे त्याच्या पटीतले स्वर निघतात. स्पीकरने ६० चा स्वर गाळला, तरी उरलेल्या स्वरांमधले अंतर ६० चेच राहते. मेंदू हा हिशेब ओळखतो आणि हवेत नसलेला मूळ स्वर आपल्याला ऐकू येतो.

याचा पुरावा आपण सर्वांनी अनुभवला आहे. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० कंपनांचाच आवाज जात असे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर शंभर-सव्वाशे कंपनांच्या आसपास असतो. म्हणजे तो तारेतून जातच नव्हता. तरी फोनवर बाप बोलला तर लेकराला बापाचाच आवाज ऐकू येई.

जर्मनीच्या ऑगस्ट झेबेक यांनी १८४१ साली भोंग्यावर प्रयोग करून ही गोष्ट मांडली. १९४० च्या सुमारास नेदरलँड्सच्या शौटेन यांनी ती नव्याने तपासली. आपल्या देशातही या स्वरांचा अभ्यास झाला आहे. साध्या ढोलाचे स्वर नेमक्या पटीत नसतात. तबला-मृदंगाचे मात्र शाईच्या लेपामुळे बरेचसे पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवले. म्हणून मेंदूची ही करामत गाणाऱ्याचा आवाज, पेटी आणि बास गिटार यांच्या बाबतीत जास्त चांगली चालते. साध्या ढोलाच्या बाबतीत कमी.

१९९० च्या दशकात इस्रायलच्या वेव्हज कंपनीने ‘मॅक्सबास’ नावाची युक्ती बाजारात आणली. गाण्यातला खर्ज ओळखायचा आणि त्याच्या पटीतले स्वर वाढवून द्यायचे. स्पीकरवर ताण नाही, पण कानाला खोली जाणवते.

घरी करता येण्यासारखे उपायही आहेत. मोबाईलच्या इक्वलायझरमध्ये ६० ची पट्टी थोडी खाली आणि २३० ची थोडी वर करून पाहावी. स्पीकर खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीला लागून, शक्यतो कोपऱ्यात ठेवावा. भिंतींमुळे खर्जाला जोर येतो. तारा जोडायचे दोन स्पीकर असतील तर दोन्हींची लाल तार लाल खुणेलाच जोडावी. एकीकडे उलटी जोडली तर दोघांचा खर्ज एकमेकांना मारतो. स्पीकर खोक्याबाहेर उघडा वाजवू नये. पडद्याच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळून खर्ज संपतो. आणखी एक गोष्ट: हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो. हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवले. जुन्या टेपरेकॉर्डरवर ‘लाउडनेस’ची कळ असे, ती यासाठीच.

यात पैशापेक्षा मोठी एक गोष्ट आहे. आमच्या मुकुटबन परिसरात सिमेंट कारखाना आहे, कोळशाच्या खाणी आहेत. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो. त्याच भिंतीपलीकडे एखादी मुलगी दहावीचा अभ्यास करत असते. बारीक आवाज भिंतीत बराचसा अडतो, खर्ज मात्र आरपार जातो. मोठ्या वूफरची धडधड शेजारच्या घरातली भांडीसुद्धा वाजवते. जो घुमारा मेंदूतच तयार होतो, तो भिंत ओलांडत नाही. गाणे ऐकणाऱ्याला गाण्याची गोडी मिळते आणि शेजाऱ्याची झोप शाबूत राहते.

म्हणून पोराने वूफर मागितला तर त्याला नुसते गप्प बसवू नये. त्याच्यासोबत बसून स्पीकर कोपऱ्यात ठेवावा, पट्ट्या वरखाली कराव्यात आणि फरक त्याच्याच कानांनी त्याला ऐकू द्यावा. हप्त्याचे पैसे वाचले तर वह्यापुस्तकांना कामी येतील.