आउटबोर्ड इंजिनाचा पाणीपंप
आउटबोर्ड इंजिनाचा पाणीपंप हा होडीच्या मागे बसवलेले इंजिन बाहेरचे पाणी खेचून थंड ठेवणारा पंप आहे. तो गिअरपेटीच्या वर असतो. त्यातील लवचिक पात्यांचे रबरी चक्र, म्हणजे इम्पेलर, उभ्या दांड्याबरोबर फिरते. पाण्याविना इंजिन चालवल्यास चक्र लवकर निकामी होते. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार क्षीण होणे हे बिघाडाचे लक्षण होय.

चक्र बदलण्यापूर्वी स्पार्क प्लगच्या तारा काढून ठेवतात, जेणेकरून इंजिन अचानक सुरू होत नाही. नंतर गिअरची जोडणी व बोल्ट सोडवून खालचा भाग उतरवतात. नव्या चक्राची पाती फिरण्याच्या दिशेच्या उलट वाकलेली असावी लागतात. जुन्या पात्यांचे तुटलेले तुकडे पाण्याच्या मार्गात राहिल्यास नवा पंप बसवूनही इंजिन तापते. म्हणून ते शोधून काढणे आवश्यक असते.