हौशी वैमानिकाचा हिशेब

अहिल्यानगराहून छत्रपति संभाजीनगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील घोडेगांव गुरांच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. जाणता शेतकरी तेथें जनावराच्या किंमतीआधीं वर्षभराच्या चाऱ्याचा हिशेब मांडतो. विमानोड्डाणाची हौस धरणाऱ्यानेंहि हाच क्रम ठेवावा. पण घरांतील मुलानें ही इच्छा बोलून दाखविली, कीं सर्वांची दृष्टि परवान्याच्या खर्चावरच खिळते.

कोणता परवाना घ्यावा, हें हेतूवरून ठरतें. विमान चालवून वेतन मिळवावयाचें, तर व्यावसायिक परवाना हवा. त्यासाठीं वयाचीं 18 वर्षें पुरीं व्हावीं लागतात आणि 200 तासांचें उड्डाण लागतें. केवळ आनंदासाठीं उडणारास खासगी वैमानिकाचा परवाना पुरतो. तो सतराव्या वर्षापासून मिळतो. विद्यार्थी म्हणून आरंभ सोळाव्या वर्षींहि करतां येतो. वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान 40 तासांचें उड्डाण या त्याच्या मुख्य अटी. या परवान्यावर मित्रांस सोबत नेतां येतें, मोबदला मात्र घेतां येत नाहीं. तेव्हां जोडधंद्याची आशा आधींच सोडलेली बरी.

उदाहरणादाखल विमानाचें भाडें तासाला 15,000 रुपये धरलें, तर 40 तासांचे 6 लाख होतात; आणि बहुतेकांस 40 हून अधिक तास लागतात. खरा चारा यापुढें आहे. हात सुटूं नये म्हणून महिन्याला एकच तास उडावयाचें म्हटलें तरी वर्षाला 1 लाख 80 हजार रुपये हवेत. राज्यांत धुळें, बारामती येथें उड्डाणशिक्षण होत आलें आहे. पण घोडेगांवच्या तरुणास प्रवास व मुक्काम यांचा खर्च वेगळा, आणि पावसाळी ढगांमुळें रिकामे जाणारे दिवस वेगळे.

स्वतःचें विमान घेण्याचा मोह कुणासच परवडत नाहीं, असें नव्हे. पण 10 फेब्रुवारी 1929 रोजीं भारतांतील पहिला वैमानिक परवाना मिळविणारे जे. आर. डी. टाटा यांनींहि जुहूच्या मुंबई फ्लाइंग क्लबाच्या विमानावरच धडे घेतले होते. एक विमान अनेकांनीं वांटून वापरावें, ही क्लबाची युक्ति.

इंजिनाविना तरंगणारें ग्लायडर याहून स्वस्त. पुण्याजवळ हडपसरला 1950 सालीं त्याचें सरकारी केंद्र निघालें. ग्लायडरचा परवाना निराळा असतो. त्यावर इंजिनाचें विमान चालवितां येत नाहीं.