जैन हिल्सवरची अवघड पानं

जळगावहून शिरसोलीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात जैन हिल्स येतात. तिथल्या झाडीत जोधपुरी दगडाची एक लांबरुंद इमारत उभी आहे, गांधीतीर्थ. जैन इरिगेशनचे भवरलाल जैन यांनी गांधी रिसर्च फाउंडेशन ही संस्था काढली, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्यासारखी गांधीविचारात मुरलेली माणसं तिच्याशी जोडली आणि २५ मार्च २०१२ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी, म्हणजे आमच्याच जिल्ह्याच्या लेकीने, या तीर्थाचं उद्घाटन केलं. आता शाळांच्या सहली इथे येतात. अजिंठ्याला निघालेले पाहुणे वाट वाकडी करून येतात. ‘खोज गांधीजी की’ हे संग्रहालय बघतात आणि पोरबंदर ते बिर्ला भवन असा सगळा प्रवास करून बाहेर पडतात.

संग्रहालय हा या संस्थेचा दर्शनी भाग. तिचा जीव आहे तो अभिलेखागारात. पत्रं, वृत्तपत्रं, छायाचित्रं, भाषणांच्या ध्वनिमुद्रिका आणि चित्रफिती गोळा करायच्या, त्यांचं आयुष्य वाढवायचं, त्यांच्या संगणकीय प्रती करून ठेवायच्या, हे काम इथे चालतं. गांधींचा कागद सांभाळणं सोपं नाही. हा माणूस आलेल्या पाकिटाच्या पाठीवर मजकूर लिहायचा, उजवा हात दुखला की डाव्या हाताने लिहायचा. त्यांचं ‘हरिजन’ साप्ताहिक छापलं जायचं ते वर्तमानपत्री कागदावर. त्या कागदात मुळातच आम्ल असतं. तो आधी पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि शेवटी घडीवर तुटतो. असं पान हाती आलं की आधी मऊ ब्रशने धूळ काढायची, शाई पाण्यात उतरते का ते कोपऱ्यावरच्या एका थेंबाने बघायचं, मग आम्ल मारणाऱ्या द्रावणाचा हात द्यायचा, सावकाश वाळवायचं आणि फाटलेल्या जागी पाठीमागून जवळजवळ पारदर्शक असा टिश्यू कागद स्टार्चच्या खळीने डकवायचा. खळच का, तर पन्नास वर्षांनी कुणाला ती काढावीशी वाटली तर ओलाव्याने सुटली पाहिजे. चिकटपट्टी लावलेला कागद म्हणजे या कामातलं सर्वांत मोठं दुखणं.

अशा जपून ठेवलेल्या गांधींच्या दप्तरात ज्यूंच्या छळाचाही एक कप्पा आहे. त्याच्याबद्दल आपण फार बोलत नाही. तो कप्पा गांधींना अडचणीत आणणारा आहे, आणि म्हणूनच तो उघडा राहिला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात जोहान्सबर्गमध्ये होते. दक्षिण आफ्रिकेतल्या गांधींच्या सर्वांत जवळच्या गोऱ्या सहकाऱ्यांत ज्यू माणसं होती. १९०४ मध्ये डर्बनच्या गाडीत वाचायला म्हणून रस्किनचं पुस्तक त्यांच्या हाती देणारा हेन्री पोलक ज्यू. सतराव्या वर्षी त्यांच्या कचेरीत आलेली आणि पुढे सत्याग्रहाचा सगळा पत्रव्यवहार व हिशेब अंगावर घेणारी सोन्या श्लेसिन ज्यू. आणि हर्मन कॅलनबॅक. लिथुआनियात जन्मलेला, जर्मनीत शिकलेला, व्यवसायाने वास्तुशिल्पी. पैसा बक्कळ, राहणी ऐटबाज. गांधींची गाठ पडली आणि हा गृहस्थ पार बदलला. १९१० मध्ये त्याने जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर ११०० एकर जमीन घेतली आणि सत्याग्रहींच्या कुटुंबांना बिनभाड्याने वापरायला दिली. तेच टॉल्स्टॉय फार्म. जमिनीवर संत्री, जर्दाळू, आलुबुखाराची हजारेक झाडं होती, हे रावेर-यावलच्या बागायतदाराला विशेष सांगायला हवं. मारियानहिलच्या ख्रिस्ती मठात जाऊन कॅलनबॅक चपला करायला शिकला आणि त्याने ते गांधींना शिकवलं.

१९१४ मध्ये गांधी, कस्तुरबा आणि कॅलनबॅक एकाच बोटीने इंग्लंडला निघाले. कॅलनबॅकजवळ भारी दुर्बिणी होत्या. एवढा मोह कशाला, यावर दोघांचा वाद झाला आणि दुर्बीण सरळ समुद्रात गेली. पुढे भारतात यायचं ठरलेलं होतं, पण बोट पोचेपर्यंत महायुद्ध पेटलं. कॅलनबॅक जर्मन नागरिक. इंग्रजांनी त्याला मॅन बेटावरच्या छावणीत डांबलं. दोन मित्रांची भेट झाली ती तब्बल २३ वर्षांनी, मे १९३७ मध्ये.

त्याच्या आधीच्याच डिसेंबरात गांधी आमच्या फैजपुरात होते. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबूंनी सजवलेलं, धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांनी घाम गाळून उभं केलेलं. खान्देशात गांधी म्हटलं की फैजपूर आठवतं. पण त्याच काळात जर्मनीत ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं होतं. कॅलनबॅक भारतात आला तो निव्वळ जुन्या मैत्रीखातर नव्हे. पॅलेस्टाइनमधल्या ज्यू नेत्यांनी त्याला गळ घातली होती की तुमच्या मित्राला आमची बाजू समजावून सांगा.

मित्राने ऐकून घेतलं, पण त्याचं मत बनलं ते वेगळंच. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि दुकानं फोडली, जाळली गेली. त्यानंतर दहा दिवसांनी वर्ध्याजवळच्या सेगावात गांधींनी लेख लिहिला. तो २६ नोव्हेंबरच्या ‘हरिजन’मध्ये छापून आला. आपली सारी सहानुभूती ज्यूंच्या बाजूने आहे असं त्यांनी त्यात म्हटलं. ख्रिस्ती जगाने ज्यूंना जसं वागवलं ते आपल्याकडच्या अस्पृश्यतेसारखंच आहे, हेही म्हटलं. मानवतेच्या नावाने एखादं युद्ध कधी न्याय्य ठरणार असेल तर ते जर्मनीविरुद्धचं ठरेल, पण माझा कुठल्याच युद्धावर विश्वास नाही, असं म्हणून त्यांनी जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचवला. देश सोडू नका, भेदभाव मान्य करू नका, मरण आलं तर आनंदाने पत्करा. आणि पॅलेस्टाइन अरबांचं आहे, हेही त्याच लेखात.

याला उत्तर आलं जेरुसलेमहून. मार्टिन बूबर हा मोठा तत्त्वज्ञ. त्याच वर्षी जर्मनी सोडून तिथे गेलेला. गांधींना मानणारा. २४ फेब्रुवारी १९३९ ला त्याने लिहिलेलं पत्र वाचताना आजही घशाशी येतं. तो गांधींना चिडून बोलत नाही, व्याकूळ होऊन विचारतो. छळछावणी म्हणजे काय, तिथे काय चालतं हे महात्म्याला ठाऊक आहे का? दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी माणसांच्या मागे कोट्यवधींचा भारत उभा होता, आमच्या मागे कोण आहे? आणि त्याचा सगळ्यांत खोल मुद्दा असा की साक्षीदाराविना झालेलं हौतात्म्य वाऱ्यावर विरून जातं. सत्याग्रहाला बघणारा कुणी तरी लागतो. गांधींच्या प्रत्येक लढ्यात तो होता. पत्रकार होते, न्यायालयं होती, लाज वाटणारा एखादा इंग्रज होता. जर्मनीत तसं काही उरलं नव्हतं.

गांधींकडून बूबरला उत्तर गेलं नाही. कॅलनबॅक मात्र त्या सुमारास पुन्हा सेगावात त्यांच्यापाशीच होता. हिटलरसाठी प्रार्थना करणं मला जमणार नाही, असं या मित्राने गांधींना तोंडावर सांगितलं आणि गांधींनी ते प्रांजळपणे ‘हरिजन’मध्ये छापलं. एवढं उमदं भांडण आज आपल्याला सुचणारही नाही. याच कॅलनबॅकला गांधींनी लिहिलेली पत्रं त्याने जन्मभर सांभाळली, त्याच्यामागे त्याच्या भाचीच्या घराण्याने इस्राएलमध्ये सांभाळली. २०१२ मध्ये ती लंडनला लिलावात निघाली होती, भारत सरकारने लिलावाआधीच विकत घेतली. आता ती दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मात्र कॅलनबॅकने लिहिलेली पत्रं गांधींनी त्याच्याच इच्छेवरून नष्ट केली होती. त्यामुळे या मैत्रीचं अर्धंच बोलणं आपल्याला ऐकू येतं.

२३ जुलै १९३९ ला गांधींनी वर्ध्याहून हिटलरला चार ओळींचं पत्र लिहिलं. ते सरकारने पुढे जाऊ दिलं नाही. २४ डिसेंबर १९४० चं दुसरं पत्र बरंच लांब आहे, तेही अडवलं गेलं. त्यात चेकोस्लोव्हाकिया, पोलंड, डेन्मार्क यांचा उल्लेख आहे. पण त्याच्या पाचच आठवडे आधी वॉर्सात चार लाखांच्या घरात ज्यू माणसं एका भिंतीआड कोंडली गेली होती, त्यांचा नाही. वर्ध्याला ती बातमी पोचली होती की नाही, सांगता येत नाही.

भिंतीच्या आत मात्र एक माणूस बूबरच्या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर देत होता. बघणारा कुणी नसेल तर आपणच साक्ष लिहून ठेवायची. इमॅन्युएल रिंगेलब्लूम हा इतिहासाचा अभ्यासक. त्याने पन्नास-साठ जणांची एक गुप्त मंडळी जमवली. ती शनिवारी भेटे. हे लोक काय जमवत होते? रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, चॉकलेटचे कागद, भिंतीवरच्या नोटिसा, शाळकरी मुलांचे निबंध, भूक माणसाला कशी पोखरते याच्या डॉक्टरांनी केलेल्या नोंदी. ऑगस्ट १९४२ च्या सुरुवातीला, लोकांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेणाऱ्या गाड्या रोज सुटत असताना, एका शिक्षकाने दोन पोरसवदा विद्यार्थ्यांना हाताशी धरून दहा पत्र्याच्या पेट्या एका शाळेच्या तळघरात पुरल्या. फेब्रुवारी १९४३ मध्ये दुधाच्या दोन मोठ्या कॅन पुरल्या. रिंगेलब्लूम, त्याची बायको आणि लहान मुलगा मार्च १९४४ मध्ये मारले गेले. मंडळींपैकी तिघेच वाचले. त्यांच्या सांगण्यावरून सप्टेंबर १९४६ मध्ये ढिगारे उपसले तेव्हा पेट्या सापडल्या, पण आत पाणी शिरून कागद भिजले होते, बुरशी चढली होती. कॅन डिसेंबर १९५० मध्ये सापडल्या, त्यांतले कागद पुष्कळच चांगले. तिसराही एक साठा पुरला होता असं म्हणतात, तो अजून मिळालेला नाही. एकूण ३५ हजारांच्या आसपास पानं. आज ती वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेत आहेत आणि १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत.

रद्दी वाटणारा कागद उचलून ठेवायचा, हे खान्देशाला परकं नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी हेच केलं. गावोगाव पायी हिंडून, हाताने रांधून, कुणाच्या माळ्यावरचे तर कुणाच्या फडताळातले मोडी रुमाल सोडवून त्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चे २२ खंड उभे केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांनी देह ठेवला आणि धुळेकरांनी लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ स्थापून त्यांची दप्तरं जपली. भास्कर वामन भटांसारखे लोक त्यात पुढे होते. त्याच गावात नानासाहेब देवांनी समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी पोथ्या गोळा केल्या. राजवाड्यांच्या आणि रिंगेलब्लूमच्या परिस्थितीची बरोबरी होऊच शकत नाही. एकाला कुणी मारायला टपलेलं नव्हतं, दुसऱ्याची सारी माणसं संपवली जात होती. पण मोठ्यांच्या चरित्राइतकाच सामान्यांचा हिशेबाचा कागद महत्त्वाचा, ही दोघांची दृष्टी एक होती.

म्हणून जळगावच्या गांधीतीर्थाकडून माझी एक अपेक्षा आहे. १९३८ चा तो लेख, बूबरचं पत्र आणि रिंगेलब्लूमच्या संग्रहातलं एखादं पान, तिन्ही मराठीत करून एकाच कपाटात शेजारी शेजारी लावावीत. सहलीला आलेल्या नववीच्या मुलामुलींना ती वाचू द्यावीत आणि मार्गदर्शकाने निर्णय सांगू नये. गांधी त्याने लहान होत नाहीत. आपल्या विरोधात बोलणाऱ्या मित्राचं म्हणणं स्वतःच्या साप्ताहिकात छापणाऱ्या माणसाला याचं भय नसतं.

यात आपल्या मराठी ज्यूंचा धागाही आहे. कोकणच्या बेने इस्राएलींना आपल्याकडे कुणी छळलं नाही, त्यामुळे त्यांच्या कागदांकडे धावून जायचीही कुणाला गरज वाटली नाही. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या त्यांच्या सणाच्या पोथीत मराठी मजकूर आहे आणि चित्रांतल्या बायका लुगड्यात आहेत. समाजातले बहुतेक लोक १९४८ नंतर इस्राएलला गेले आणि असे कागद जगभर विखुरले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये या समाजाचा इतिहास लिहून ठेवला होता. तो छापला गेला चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तोही तेल अवीवला. छापवून घेणारे इमॅन्युएल ओल्सवांगर हे १९३६ मध्ये ज्यू चळवळीचे दूत म्हणून भारतात आले होते. नेहरूंना भेटले, गांधींनाही भेटले. राजकारणाच्या बाबतीत त्यांची निराशाच झाली. पण परत जाताना हे हस्तलिखित त्यांच्या हाती होतं, आणि त्या खेपेची खरी कमाई तीच ठरली.